चाकरमान्याची रजा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या काठाकाठाने जाणारा रस्ता काळबादेवी मागे टाकून टेकडी चढू लागला की आरे आणि वारे या जोडगावांच्या पुळणी खाली दिसू लागतात. हल्ली त्या टेकडीवर आणि सुरूच्या बनाशेजारी मोटारींची दाटी असते, आणि त्यांतून उतरणारी मंडळी बहुधा भरपगारी रजेवर आलेली असतात. रजा संपल्यावर आपली खुर्ची आपल्यासाठी राखलेली असेल की नाही, असा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाला पडत असेलसे वाटत नाही. याच किनारपट्टीवरील गावांतून ज्यांचे आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत गेले, त्यांच्या घरांत मात्र हा प्रश्न दोन-तीन पिढ्या मुक्कामाला होता. गावी जाणे त्यांना फारसे अवघड नव्हते, कारण परवानगी मिळाली नाही तरी माणूस जातच असे. अवघड होते ते परत आल्यावर आपल्याच साच्यावर, म्हणजे मागावर, पुन्हा रुजू होणे. गिरणी कामगारांच्या रजेचा म्हणून जो काही इतिहास आहे, तो माझ्या मते या परतीच्या हमीचा इतिहास आहे: ती हमी प्रथम कोणाच्या हाती होती, काय भावाने विकली जात होती, आणि सरकारी कागदावर उतरायला तिला इतका काळ का लागला.

रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला माणसे पुरवावीत अशीच त्याची घडण होती. कातळाची जमीन, वरकस पिके, खोताचा वाटा, चार महिने कोसळणारा पाऊस आणि उरलेले आठ महिने हाताला काम नाही, अशा स्थितीत घरातील निदान एक कर्ता पुरुष मुंबईस ठेवणे हा कुळाकुळांतून वतनासारखा चालत आलेला रिवाज होऊन बसला. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरातील दर पाच माणसांमागे जवळजवळ एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला आढळला. आणि इकडे त्या जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या खानेसुमारीमागून खानेसुमारीत अधिक भरत राहिली. पैसा मनीऑर्डरने येई; माणूस शिमग्याला नाहीतर गणपतीला येई. मुंबईत त्याचे बिऱ्हाड म्हणजे लालबाग-परळाच्या चाळीतील गावकीची खोली, जीत एका पाळीचे गडी उठून गेले की त्यांच्याच वळकट्यांच्या जागी दुसऱ्या पाळीचे गडी आडवे होत, आणि जेवण खाणावळवालीकडे. अशा खोलीत धडधाकट माणसाचा निभाव लागे. पण ताप उतरेना, खोकल्यातून रक्त पडू लागले किंवा साच्याच्या धोट्याने डोळा दुखावला, तर चार दिवस स्वस्थ पडून राहण्याइतकी जागा तेथे नसे आणि भाताची पेज करून तोंडाशी धरणारे कोणी नसे. मग आजाऱ्याने गावची वाट धरावी हे ओघानेच आले. गावाची ओढ हा कामगाराचा दुर्गुण आहे, त्याच्या अंगातला कुणबी सुटत नाही म्हणून गिरणीचे उत्पन्न घटते, अशी तक्रार मालकांनी पन्नास वर्षे केली. आजारपण, बाळंतपण, बेकारी आणि म्हातारपण या चारी आपत्तींचा सारा खर्च कोकणातील घरे मालकांच्या वतीने फुकट सोसत होती, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानी आले.

गिरणीच्या हिशोबात रजेचा पगार ही बाबच नव्हती. हजर असेल त्या दिवसाचे दाम आणि नसेल त्या दिवसाचा खाडा, इतका तो हिशोब सरळ होता. किंबहुना इतकाही सरळ नव्हता, कारण कित्येक गिरण्यांत दुहेरी खाड्याची चाल असे, म्हणजे एक दिवस गैरहजर राहणाराची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. पगार महिना संपल्यावरही लगेच हाती पडत नसे; तो पुढील महिन्याचा बराचसा भाग उलटल्यावर वाटला जाई, आणि नोटीस न देता निघून गेलेल्या गड्याची ही चढलेली बाकी जप्त करण्याचा अधिकार मालकाने आपल्या नियमांत लिहून ठेवलेला असे. म्हणजे घरून आई अत्यवस्थ असल्याचे पत्र आले असता आरे-वाऱ्याच्या गड्याने पगाराच्या दिवसापर्यंत थांबावे, की आपली कमाई गिरणीत सोडून त्याच संध्याकाळी बोट गाठावी, एवढीच निवड त्याच्यासमोर उरे. त्याच काळी आणि त्याच सरकारच्या अमलाखाली मुलकी नोकरांच्या रजेची मोठी पोथी होती. तीत हक्काची रजा होती, वैद्यकीय दाखल्यावरील रजा होती, आणि गोऱ्या अंमलदारांस विलायतेस जाऊन प्रकृती सुधारून येण्यासाठी महिनोन्‌महिन्यांची फर्लो होती. साहेब परत येईपर्यंत त्याची जागा दुसरा कोणी हंगामी म्हणून सांभाळी, आणि तो हंगामीच आहे याविषयी कोणालाही संदेह नसे.

गिरणीतही जागा सांभाळणारा असे. त्याला बदली म्हणत. परंतु हा बदली हंगामी राहणार की कायम होणार, हे ठरविण्याचा अधिकार गिरणीच्या कचेरीकडे नसून जॉबराकडे, म्हणजे खात्यातल्या मुकादमाकडे, असे. साचे खात्याचा किंवा वाइंडिंग खात्याचा मुख्य मॅनेजर हा बहुधा परभाषी, त्याला शेकडो गड्यांची नावेही ठाऊक नसत. भरती, पाळी, दंड, रजा आणि बडतर्फी हे सारे व्यवहार जॉबराच्या मुखाने चालत. वैशाखात घराची शाकारणी करावयाची आहे, बहिणीचे लग्न आहे, पेरणीपूर्वी खोताचा हिशोब मिटवावयाचा आहे, असे काही कारण निघाले की गडी रात्री जॉबराच्या खोलीवर जाई, गिरणीत नव्हे. तेथे दस्तुरीची, म्हणजे जॉबराला द्यावयाच्या लाचेची, रक्कम ठरे, आणि त्याबरोबरच बदलीचे नावही ठरे. हुशार गडी शक्यतो आपलाच धाकटा भाऊ, चुलतभाऊ किंवा निदान गावकीतला कोणी पुढे करी, कारण घरचा माणूस साच्यावर असला म्हणजे साचा घरातच राहिला आणि परत आल्यावर तो मागून घेण्यास भांडण पडत नाही. ज्याच्या घरात असा जोडीचा गडी नसे त्याला परका बदली पत्करावा लागे. आणि तो परका महिना-दीड महिना इमानाने राबला, जॉबरास चहा-विडीने आणि वेळप्रसंगी रोख रकमेने संतुष्ट ठेवू लागला, की मूळचा धनी कोण याची आठवण खात्यात पुसट होऊ लागे.

परतलेल्या गड्याची पहिली सकाळ म्हणून कठीण. भोंगा होण्यापूर्वी गेटावर जावे, हाती गावाहून आणलेली आमसुलांची किंवा काजूगरांची पुरचुंडी असावी, आणि जॉबराच्या दृष्टीस पडेल अशा बेताने उभे राहावे. जॉबराने ओळख दिली, ‘काय रे, आलास?’ एवढे जरी म्हटले, तरी निम्मे काम झाले. पुरचुंडी घेऊन तो नुसताच आत गेला तर संध्याकाळी पुन्हा त्याच्या खोलीवर जाऊन दस्तुरीचे बोलणे नव्याने करावे लागे. आणि पुरचुंडीकडे त्याने पाहिलेच नाही तर गड्याने समजून असावे की आपला साचा गेला. अशा वेळी त्याला दुसऱ्या दिवसापासून बदल्यांच्या घोळक्यात उभे राहणे प्राप्त होई, आणि कोणाचा खाडा पडेल त्याच्या जागी महिन्यातून दहा-बारा दिवस काम मिळाले तरी त्याने नशीब म्हणावे. वाइंडिंग खात्यातील बायांसाठी हीच व्यवस्था नाइकिणीच्या हातून चाले. जॉबराला खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्याची लाचखाऊ वृत्ती कोणी नाकारीतही नाही. तथापि ज्या काळी गिरणीने परतीची कसलीही हमी दिली नव्हती त्या काळी ती देणारा तेवढाच एक इसम होता, आणि त्याची हमी महाग असली तरी बाजारात दुसरी नव्हतीच.

या सर्वांवर पुन्हा समुद्राची सत्ता होती. मुंबईहून सुटलेली आगबोट रत्नागिरी बंदरात दूर नांगर टाकी, उतारू पडावांतून किनाऱ्यास लागत, आणि आरे-वाऱ्याच्या माणसाने तेथून डोईवर ट्रंक घेऊन, वाटेतील खाडी तरीने ओलांडून, काठाकाठाने घर गाठावे. ज्येष्ठात पावसाने जोर धरला की बोटी बंद होत, त्या श्रावण सरता सरता, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागला म्हणजे हळूहळू सुरू होत. वैशाखात गावी आलेला गडी दुखण्याने अंथरूण धरून शेवटची बोट चुकला, तर त्याच्यापुढे खुश्कीचीच वाट उरे: आंबा घाट चढून कोल्हापूर, आणि १८९१ मध्ये कोल्हापूरपर्यंत आगगाडी पोहोचल्यावर तेथून मिरज-पुण्यावरून मुंबई. नुकत्याच तापातून उठलेल्या माणसाने ऐन आषाढात आंबा घाट चढावा, अशी अपेक्षा त्याचे घरचे लोक करीत नसत. मुंबईतील जॉबर मात्र करी, किंवा करीत असल्याचे दाखवी. लावणी उरकून, गणपती विसर्जन करूनच गडी मुंबईस पोहोचे, आणि मालकांच्या अहवालात त्याची नोंद ‘कारणाशिवाय प्रदीर्घ गैरहजेरी’ या सदराखाली होई.

गैरहजेरीची कारणे सदैव खरीच असत, असा दावा मी करणार नाही. ‘आई आजारी, त्वरित निघा’ या मजकुराची तार कोकणातून इतक्या नेमाने येऊ लागली, आणि तिचा हंगाम होळीच्या आधीच्या आठवड्याशी इतका तंतोतंत जुळू लागला, की तारा वाचणाऱ्या कारकुनास रत्नागिरीच्या आया फाल्गुनातच आजारी पडतात असे वाटू लागले असल्यास त्याला दोष देता येत नाही. पालखी आपल्या दारात येणार आणि ती खांद्यावर घ्यायला घरचा पुरुष नाही, ही आपत्ती आजारपणाहून लहान आहे असे त्या घरात कोणीही मानले नसते. परंतु खरे कारण सांगून रजा मिळत नाही अशी जेथे रीत असते तेथे खोटी कारणे सांगण्याची कला वाढीस लागते, आणि मग एखाद्या वर्षी आई खरोखरीच आजारी पडली म्हणजे त्या तारेवर कोणी विश्वास ठेवीत नाही.

कामगारांच्या बाजूने रजेच्या या प्रश्नास पहिले जाहीर तोंड फोडले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ‘दीनबंधु’चे संपादक आणि स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेले लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला. त्या अर्जातील रविवारच्या सुट्टीची मागणी पुढे प्रसिद्धी पावली, आणि १० जून १८९० रोजी मालकसंघाने ती मान्य केल्यामुळे लोखंड्यांचे नाव रविवारशी कायमचे जोडले गेले. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, जिच्याकडे मानाने कमी लक्ष गेले आहे: कामावर असताना गंभीर दुखापत झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी. अपघातग्रस्तांपुरती का होईना, भरपगारी वैद्यकीय रजेची ही मागणी ज्या सालात झाली त्या सालात तिला उत्तर देण्याचीही गरज कोणास वाटली नाही.

आणि मग बारा वर्षांनी असा प्रसंग आला की साऱ्या मुंबईनेच एकदम रजा घेतली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. हिवाळा सरेपर्यंत साडेआठ लाखांच्या त्या शहरातून साडेतीन लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. बंदरांवर आणि स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, काखेत-जांघेत हात घालून गाठ शोधणाऱ्या पथकांची दहशत पसरली; पण गावची वाट धरणारांचा लोंढा त्याने थांबला नाही. गिरण्यांत साचे उभे आणि गडी नाहीत, अशी स्थिती झाली, तेव्हा ज्या मालकांनी महिन्याचा पगार दीड महिन्याने देण्याचा शिरस्ता अपरिवर्तनीय मानला होता त्यांचीच माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली बोलू लागली, आणि रोजचा पगार रोज संध्याकाळी रोख मोजू लागली. मालकसंघाने हे थांबविण्याचा प्रयत्न केला. त्याला त्यांच्याच सभासदांनी दाद दिली नाही. त्या काही महिन्यांत परतून आलेल्या गड्यास जॉबरापुढे पुरचुंडी धरावी लागली नाही. जॉबरच त्याला शोधीत फिरत होता. लोखंडे मुंबई सोडून गेले नाहीत. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांना त्याच रोगाने मृत्यू आला. साथ ओसरली, गाव रिकामे करून माणसे पुन्हा मुंबईत आली, आणि गेटावरचा जुना शिरस्ता जागच्या जागी बसला.

स्त्री-कामगारांच्या बाबतीत परतीची हमी कायद्यात प्रथम उमटली, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे बहुधा कोकणात किंवा घाटावर, गेलेली बाई परत येईल तेव्हा नाइकीण तिला ओळखील याचा काही नेम नसे. म्हणून कित्येकजणी दिवस भरत आले तरी खात्यात उभ्या राहत आणि बाळंत होऊन पुरते दिवस उलटले नाहीत तोच पुन्हा हजर होत, आणि तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजविण्याची भयंकर चाल चाळींतून पसरली होती. रामचंद्र संतूराम असवले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉक्टर आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ घराणे याच रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले, असा युक्तिवाद केला की प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि जो मालक तिच्या श्रमाचा नफा घेतो त्याने त्या विश्रांतीचा काही भार उचलणे न्याय्य आहे. १९२९ मध्ये कायदा झाला; मुंबईतील गिरणी-कामगार स्त्रीस रोजी आठ आण्यांप्रमाणे काही आठवड्यांचा भत्ता मिळू लागला, आणि त्या मुदतीत तिला कामावरून काढल्याची नोटीस देता येणार नाही असे कलम त्यात घातले गेले. या कलमाचे मोल मला आठ आण्यांहून अधिक वाटते. मालकांनी त्यावर उतारा काढला नाही असे नाही; विवाहित तरुण स्त्रिया कामावर घेण्याचेच ते टाळू लागले.

त्याच १९२८ साली पुरुषांनीही एक दीर्घ गैरहजेरी करून दाखविली. २६ एप्रिलला सुरू झालेला गिरण्यांचा सार्वत्रिक संप ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालला. संपाचा हंगाम पाहावा: बोटी बंद होण्यास महिना-सव्वा महिना अवकाश, पुढे पेरणी, लावणी आणि गणपती. हजारो कामगार गावी गेले, घरच्या भातावर आणि आंबील-पेजेवर पावसाळा काढून परतले. मुंबईत राहून भाडे आणि खाणावळ भरीत पाच-सहा महिन्यांचा संप त्यांना झेपला नसता. ज्या गावाच्या ओढीला मालक कामगाराचा दोष म्हणत होते, त्याच गावाने मालकांविरुद्धचा तोपर्यंतचा सर्वांत लांब संप पोसला. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीने मालकांनी पुढे केलेल्या स्थायी नियमांची छाननी केली, तेव्हा रजा, गैरहजेरी आणि बडतर्फी या बाबी कित्येक वर्षांत प्रथमच गिरणीच्या कचेरीबाहेर, कामगारांच्या प्रतिनिधींसमक्ष, उघड वादात आल्या.

पुढे व्हिटले साहेबांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर कमिशन आले, ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. एक, कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडण्याच्या भरीस पडू नये, कारण आजारपणात आणि बाळंतपणात त्याला दुसरा आधार नाही. दुसरी, कामगाराने ठराविक मुदतीची रजा मागावी आणि मुदतीत परतल्यास त्याला जुन्या कामावर घेतले जाईल असे वचन देऊन मालकाने त्याला पाठवावे. शक्य तेथे रजेच्या काळाचा भत्ताही द्यावा. सत्तर वर्षे जे जॉबराच्या खोलीवर ठरत होते ते आता शाही कमिशनच्या अहवालात छापून आले. त्याची अंमलबजावणी मात्र कोणी तातडीने केली नाही.

१९३५ मध्ये मुंबईच्या मालकसंघाने बदल्यांची नवी पद्धत सुरू केली. दर महिन्याला ठराविक संख्येच्या बदली कामगारांना कार्डे द्यावयाची, कार्डवाल्यांनी रोज सकाळी गेटावर हजर राहावयाचे, आणि खाडे पडतील त्या जागी त्यांतूनच माणसे घ्यावयाची. हेतू असा की जॉबराने आपल्या मर्जीचा माणूस आयत्या वेळी आत ओढू नये. कार्ड कोणाला द्यावे हे सुचविणारा इसम मात्र अद्याप तोच होता, त्यामुळे दस्तुरीचा दर उतरला तरी दस्तुरी गेली नाही.

१९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, आणि योगायोगाने त्याचे मुख्य, बाळासाहेब खेर, हे रत्नागिरीतच जन्मलेले. आजारपणात पगारी रजा हे आपल्या मजूरविषयक धोरणातील एक पाऊल म्हणून त्या मंत्रिमंडळाने जाहीर केले. पण १९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर त्याने राजीनामा दिला आणि ती रजा कागदावरच राहिली. महायुद्ध संपता संपता, कारखाना कायद्याच्या १९४५ च्या दुरुस्तीने, बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कामगारास दहा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली; १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, असा हिशोब बसविला. साऱ्या वर्षाची ती पंधरवड्याच्या आसपासची रजा, तीतून येण्याजाण्याचे दिवस वजा घालता, शिमगा आणि गणपती यांपैकी एकाचीच सोय करी.

अधिक महत्त्वाचे पाऊल मला १९४६ च्या स्थायी आदेशांचे वाटते. त्यांच्या नमुन्यात असे होते की रजा मंजूर झालेल्या कामगारास पास द्यावा, त्यावर निघण्याची आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेली असावी. मुदतीनंतर आठ दिवसांच्या आत तो परतला नाही किंवा समाधानकारक कारण दाखवू शकला नाही, तर त्या जागेवरील त्याचा हक्क जावा, मात्र त्याचे नाव बदल्यांच्या यादीत ठेवावे. जॉबराच्या भुवईवर जे लिहिलेले असे ते येथे तारखेनिशी लिहिले गेले. आठ दिवस ही मुदत ज्याने घातली त्याने कोकणचा आषाढ पाहिला नसावा, हे खरे. पण ‘समाधानकारक कारण’ हे शब्द घातल्यामुळे कज्जा लढविण्यास युनियनला जागा राहिली, आणि असे कज्जे पुढे पुष्कळ लढविले गेले.

वैद्यकीय रजा त्यानंतर आली. प्राध्यापक अडारकरांनी १९४४ मध्ये आरोग्यविम्याचा आराखडा दिला, १९४८ मध्ये राज्य विमा कायदा झाला, १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला आणि १९५४ मध्ये ती मुंबईस पोहोचली. आता पगारातून वर्गणी कापली जाई आणि पॅनेलच्या डॉक्टराने दाखला दिला की वर्षातून आठ आठवड्यांपर्यंत जवळजवळ अर्धा पगार मिळे. आणि जोवर हा भत्ता चालू आहे तोवर मालकाने कामगारास काढता कामा नये असे कायद्यात होते. लोखंड्यांच्या अर्जापासून या कलमापर्यंत चौसष्ट वर्षे गेली. व्यवहारात अडचण एवढीच की पॅनेलचे डॉक्टर मुंबईत होते आणि पेज करून देणारी माणसे रत्नागिरीत. दाखला लालबागेत घ्यावा आणि आजारपण आरे-वाऱ्यास काढावे, तर पुढील आठवड्याचा दाखला कोण देणार? गावाजवळच्या डॉक्टराने लिहून दिलेला कागद ग्राह्य धरावयाचा की नाही हे विमा कचेरीच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले, आणि वैद्याने काढा देऊन बरे केलेल्या माणसापाशी तर कागदही नसे. तरीसुद्धा त्या पिढीतील गड्यांनी हे नवे शास्त्र लवकर आत्मसात केले. पॅनेलच्या डॉक्टरांची ख्याती त्यांच्या औषधावरून ठरे की दाखला देण्यातील औदार्यावरून, हा प्रश्न गिरणगावात उघड चर्चिला जाई.

ही सारी व्यवस्था पुरती तीस वर्षेही चालली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि १९२८ प्रमाणेच त्यांतले पुष्कळजण कोकणात गेले. शिमगा झाला, पेरणी झाली, गणपती झाले, दुसरा शिमगा आला. मध्यंतरी मालकांनी नोटिसा धाडल्या, मुदती घातल्या, पटावरील नावे कमी केली. जे परतले त्यांपैकी कित्येकांना जुनी नोकरी धरली जाणार नाही या अटीवर, नवे म्हणून किंवा बदली म्हणून, आत घेतले गेले. संप मागे घेतल्याची घोषणा शेवटपर्यंत झाली नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उठू लागले, तेव्हा त्या जमिनींच्या काही भागावर कामगारांना घरे द्यावीत असे ठरले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस त्यास पात्र मानला गेला, आणि २०१२ च्या जूनमध्ये म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली.

पात्रता सिद्ध करण्यासाठी चालणाऱ्या कागदपत्रांची यादी सरकारने प्रसिद्ध केली आहे. तीत ओळखपत्र आहे, तिकीट क्रमांक आहे, लाल पास आहे, विम्याचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे, हजेरीपत्र आहे, पगाराची पावती आहे; आणि त्यांबरोबरच रजेच्या नोंदवहीची प्रतही आहे. कोकणातील घरांतून त्यासाठी पेट्या उपसल्या गेल्या. ज्याच्या आजाने जॉबराला सांगून, दस्तुरी देऊन, अर्ज न करता गाव गाठले होते त्याला त्या वहीचा उपयोग नाही. ज्याने रीतसर अर्ज करून, पास घेऊन शिमग्याला हजेरी लावली होती, त्याच्या नातवाचा अर्ज विचारात घेतला जातो.